आधी नवा जन्म की आधी विश्वास?

प्रश्नाला तीन पदर आहेत. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच माणसे निवडली असतील, तर माझ्या विश्वास ठेवण्याला अर्थ काय? नवा जन्म, म्हणजे देवाच्या आत्म्याने आतून मिळणारे नवे जीवन, आधी होतो की विश्वास आधी येतो? आणि मी निवडलेल्यांपैकी आहे की नाही, हे मला कसे कळावे? बायबल-अभ्यासात हे प्रश्न बहुधा ह्याच क्रमाने येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण पवित्र शास्त्र त्यांना ह्या क्रमाने हात घालत नाही. म्हणून इथे उलट्या टोकाने, म्हणजे निवडीऐवजी सुवार्ता ऐकणाऱ्या माणसापासून, सुरुवात करतो.

पण आधी शब्द. मराठीत ह्या विषयाचा निम्मा घोटाळा शब्दांतच आहे.

‘पुनर्जन्म’ हा शब्द टाळावा. मराठी कानाला तो मेल्यानंतर दुसऱ्या देहात येणे एवढेच सांगतो. योहान 3 मध्ये येशूकडून नव्या जन्माबद्दल ऐकणाऱ्या निकदेम ह्या यहूदी पुढाऱ्याचा गैरसमज वेगळा होता, तो आईच्या उदरात परत जाण्याबद्दल विचारत होता. पण आपल्याकडे ‘पुनर्जन्म’ म्हटले की ऐकणारा निकदेमापेक्षाही लांब जातो. मंडळीत रुळलेला शब्द ‘नवा जन्म’ हाच बरा. योहान 3:3 मधला मूळ ग्रीक शब्द ‘आनोथेन’ आहे. त्याचे दोन अर्थ होतात, ‘नव्याने’ आणि ‘वरून’. त्याच अध्यायाच्या 31व्या ओवीत तोच शब्द ‘वरून येणारा’ असा आला आहे. मराठी बायबलने तिसऱ्या ओवीत ‘नव्याने’ घेतले. ‘वरून’ हा अर्थ वाचकाने मनात शेजारी ठेवावा.

दुसरा सापळा क्रियापदाचा. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘बाळाने जन्म घेतला’. जणू जन्म घेणे हे बाळाचे काम! योहानाच्या ग्रीकमध्ये क्रियापद कर्मणी आहे: माणूस जन्म घेत नाही, त्याला जन्म दिला जातो. सातव्या ओवीतले ‘तुम्हांला नव्याने जन्मले पाहिजे’ हेही व्याकरणाने आज्ञार्थी नाही. ते अटळ गरज सांगते. ‘नवा जन्म घ्या’ असे आवाहन करणारा उपदेशक ऐकणाऱ्याला एक अशक्य काम सांगत असतो. नव्या करारात माणसाला दिलेली आज्ञा आहे ती ‘पश्चात्ताप करा’, ‘विश्वास ठेवा’ ही.

तिसरा शब्द ‘निवड’. ऐकणारा त्याचे मनातल्या मनात ‘प्रारब्ध’ करतो. दोन्ही कल्पना एकमेकींच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभ्या आहेत. प्रारब्ध म्हणजे आधीच्या कर्माचे फळ. रोमकरांस पत्राच्या 9व्या अध्यायात प्रेषित पौल याकोब आणि एसाव ह्या जुळ्या भावांविषयी मुद्दाम सांगतो की ते जन्मलेही नव्हते, त्यांनी बरे-वाईट काहीच केले नव्हते, तेव्हा देवाचा संकल्प झाला. निवड ही कर्माच्या हिशेबाबाहेर काढलेली गोष्ट आहे. शिवाय ती कपाळावरची निनावी रेघ नाही, तिच्यामागे निवडणारा कोणीतरी आहे.

आता मजकुराकडे. ह्या विषयावर एकच अध्याय वाचायचा असेल तर मी प्रेषितांची कृत्ये 16 सांगतो. रोमकर 9 ने सुरुवात करू नका. तो अध्याय विहिरीच्या तळाशी आहे, आणि पायऱ्या सोडून उडी मारणाऱ्याला लागते.

ठिकाण फिलिप्पै. थुवतीरा शहराची लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई, नदीकाठी पौलाचे बोलणे ऐकत बसली आहे. 14वी ओवी सांगते की प्रभूने तिचे अंतःकरण उघडले आणि म्हणून तिने पौलाच्या सांगण्याकडे लक्ष दिले. ऐकत ती होती, उघडले प्रभूने, लक्ष पुन्हा तिने दिले. मग तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच अध्यायात, त्याच शहरात, भूकंपानंतर तुरुंगाचा अधिकारी थरथरत विचारतो, ‘तारण व्हावे म्हणून मी काय करावे?’ पौल त्याला ‘आधी तू निवडलेला आहेस का ते पाहू’ असे म्हणत नाही. उत्तर सरळ येते, प्रभू येशूवर विश्वास ठेव. पुढे ह्याच फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिताना पौल म्हणतो की ख्रिस्तावर विश्वास ठेवणे हेही तुम्हांला कृपेने दिले गेले आहे (1:29), आणि तुम्ही आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी देवच घडवतो (2:12-13). ‘कारण’ हा शब्द नीट पाहा. देव करतो म्हणून तुम्ही बसून राहा असे तो म्हणत नाही. देव करतो, म्हणून तुम्ही करा.

तुरुंगाच्या दारात आज्ञा दिली जाते आणि घरात आल्यावर रहस्य सांगितले जाते. नव्या करारात निवडीची शिकवण जवळजवळ नेहमी विश्वास ठेवलेल्यांना, समाधान म्हणून दिलेली आहे. प्रवेशपरीक्षा म्हणून ती कुणालाच दिलेली नाही.

आता मधला प्रश्न, आधी काय? इथे परंपरा खरोखरच फुटतात, आणि दोन्ही बाजूंनी काही कच्चे पुरावे वापरले जातात. आधी ते काढून टाकू.

नवा जन्म आधी मानणारे 1 योहान 5:1 पुढे करतात: विश्वास ठेवणारा ‘देवापासून जन्मलेला आहे’. ‘विश्वास ठेवणारा’ वर्तमानकाळी, ‘जन्मलेला आहे’ पूर्णकाळी. म्हणून जन्म आधी. ह्याच पत्रात 2:29 मध्ये नीतीने वागणारा आणि 4:7 मध्ये प्रीती करणारा ह्यांच्याबद्दल हीच रचना आहे, आणि तिथे जन्म आधी हे सगळेच मान्य करतात. युक्तिवादात दम आहे, पण तो फक्त व्याकरणावर उभा करू नये. योहान 3:18 मध्ये हीच रचना आहे: विश्वास न ठेवणाऱ्याचा न्यायनिवाडा ‘होऊन चुकला आहे’. तिथे न्यायनिवाडा आधी आणि अविश्वास नंतर असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या शब्दांतच कारण दिले आहे की त्याने विश्वास ठेवला नाही. काळाच्या रूपांवरून क्रम सिद्ध होत नाही. संदर्भ पाहावा लागतो.

उलट बाजूने योहान 12:32 दाखवले जाते: ख्रिस्त सर्वांना आपल्याकडे ओढून घेईल, म्हणून 6:44 मधले पित्याचे ओढणेही सर्वांनाच लागू, आणि ते नाकारता येते. क्रियापद दोन्हीकडे एकच आहे हे खरे. पण 6:44 त्याच वाक्यात सांगते की ज्याला ओढले त्याला शेवटल्या दिवशी उठवले जाईल. 12:32 च्या मागे यहूदी सणाला आलेले ग्रीक लोक उभे आहेत; तिथे ‘सर्व’ म्हणजे सर्व राष्ट्रांतले, असे वाचणे जास्त नैसर्गिक आहे.

इफिस 2:8 बद्दल मराठी वाचकाला एक सोय आहे, जी इंग्रजी वाचकाला नाही. ‘कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, आणि हे देवाचे दान आहे’, ह्यातले ‘हे’ म्हणजे काय? ग्रीकमध्ये तो दर्शक शब्द नपुंसकलिंगी आहे. कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द तिथे स्त्रीलिंगी. म्हणजे ‘हे’ एकट्या विश्वासाकडे बोट दाखवत नाही, कृपेने विश्वासाद्वारे तारण होणे ह्या सगळ्या व्यवहाराकडे दाखवते. मराठीत तो विश्वास, ती कृपा, ते तारण. आपले ‘हे’ आपोआप योग्य जागी बसते. ‘विश्वास हेच दान असे पौलाने इथे थेट लिहिले आहे’ असे म्हणणाऱ्याने थोडे थांबावे. पण सगळा व्यवहार दान असेल तर त्यातला विश्वास तेवढा दानाच्या बाहेर राहत नाही, हेही खरे.

मग माझे उत्तर? काळाच्या हिशेबाने दोन्ही एकत्र घडतात. विश्वास नसलेला नवजात किंवा नवा जन्म नसलेला विश्वासी असा माणूस आठवडाभर कुठे हिंडत नसतो. कारण-परिणामाच्या हिशेबाने नवा जन्म आधी. मूल रडते म्हणून जिवंत होत नाही, जिवंत आहे म्हणून रडते. पण सुईणीला ते जिवंत असल्याचे कळते ते रडण्यावरूनच. ह्या मताचा खरा आधार इफिस 2:1-5 मध्ये आहे, जिथे ‘मेलेले’ असताना देवाने जिवंत केले; आणि यहेज्केल 36:26-27 मध्ये, जिथे देव पाषाणहृदय काढून मांसमय हृदय देतो आणि मग लोक त्याच्या मार्गाने चालतात. निकदेमाशी बोलताना येशूने पाणी आणि आत्मा हे शब्द घेतले, त्यामागे हाच उतारा असावा.

विश्वास आधी मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम उतारा योहान 20:31: विश्वास ठेवून तुम्हांला त्याच्या नावाने जीवन मिळावे. आणि योहान 1:12: ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार दिला. हे उतारे सहज झटकण्यासारखे नाहीत. नवा जन्म आधी मानणाऱ्यांना ‘जीवन’ म्हणजे सार्वकालिक जीवनाचा पूर्ण लाभ असा अर्थ करून ते सांभाळावे लागतात, आणि 1:12 च्या लगेच पुढची ओवी, ‘मनुष्याच्या इच्छेपासून नव्हे तर देवापासून जन्म’, सोबत वाचावी लागते. क्रम कोणताही माना, एक गोष्ट सुटू नये: 1 पेत्र 1:23 आणि याकोब 1:18 नुसार हा जन्म वचनाच्या द्वारे होतो. म्हणजे ऐकणे दोन्ही मतांत आधीच आहे.

भारतात हा विषय समजावताना मांजरीचे पिल्लू आणि माकडाचे पिल्लू हा वैष्णव आचार्यांचा दृष्टान्त वापरायचा मोह होतो. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. दृष्टान्त सुंदर आहे, पण इथे तो एका जागी तुटतो: दोन्ही पिल्ले आधीच जिवंत आहेत. पौलाचा प्रश्न मेलेल्यांचा आहे.

इतिहास थोडक्यात, कारण नावे चुकीच्या खात्यावर टाकली जातात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाच्या शिक्षकाने माणूस स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो असे शिकवले. बिशप ऑगस्टीनने त्याला विरोध केला आणि 431 साली इफिसच्या धर्मसभेने ते मत नाकारले. 529 साली ऑरेंजच्या सभेने आणखी पुढे जाऊन म्हटले की विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते; पण देवाने कोणाला दुष्टाईसाठी नेमले आहे, हे मत तिने तितक्याच ठामपणे धिक्कारले. म्हणजे ‘आधी कृपा’ ही काही सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनची एकट्याची मालमत्ता नव्हे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट सभेने 1547 साली कृपा पुढाकार घेते हे मान्य केले, माणूस तिला नाकारू शकतो असे सांगितले, आणि विशेष प्रकटीकरणाशिवाय कोणी स्वतःला निवडलेला ठरवू नये असे बजावले. वसईतल्या कॅथलिक घरात नवा जन्म म्हणजे बाप्तिस्मा, आणि ईस्टरच्या जागरणविधीत त्या बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते, ते ह्याच शिकवणीतून. लुथरन मंडळ्यांनी 1577 साली वेगळी वाट काढली: निवड फक्त तारणासाठी, नाशासाठी नाही, तारण झाले तर श्रेय सगळे देवाचे, नाश झाला तर दोष सगळा माणसाचा, आणि ह्या दोन वाक्यांमधली फट तर्काने बुजवू नये.

आर्मिनियस ह्या डच धर्मशास्त्र्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. ‘माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने विश्वास ठेवतो’ हे मत त्याच्या नावावर खपवले जाते. त्याच्या अनुयायांनी 1610 साली मांडलेल्या पाच कलमांतले तिसरे काढून वाचा: माणसाला स्वतःहून तारक कृपा नाही, त्याने देवाकडून नव्याने जन्मणे आवश्यक आहे, असे ते म्हणते. कॅल्विनच्या परंपरेतली, नेदरलँड्समधील डोर्टची सभा (नोव्हेंबर 1618 ते मे 1619) उत्तर द्यायला बसली, तेव्हा तिला तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याचे उत्तर एकत्रच द्यावे लागले. एकट्या तिसऱ्यात भांडण दिसतच नव्हते. ते चौथ्यात होते: ती कृपा माणूस परतवू शकतो का? आर्मिनियसचे अनुयायी हो म्हणत, डोर्ट नाही म्हणाली. पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने अनुयायांचीच बाजू घेतली. त्याच्या मते आधी येणारी कृपा सर्वांनाच मिळते आणि गुलाम झालेली इच्छा उत्तर देण्याइतकी मोकळी करते. मी डोर्टच्या बाजूचा आहे, पण वेस्लीला पेलाजियसच्या रांगेत बसवणारा माणूस दोघांनाही वाचलेला नाही.

महाराष्ट्रात हा विषय एकाच बाकावर बसलेला असतो. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ह्या सहा परंपरा एकत्र आल्या, म्हणून तिथे बालकांचा बाप्तिस्माही चालतो आणि विश्वास कबूल केल्यावरचाही. शेजारी बसलेल्या दोघांचे ‘नवा जन्म’ ह्या शब्दाचे अर्थ वेगळे निघाले तर त्यात कुणी खोटा विश्वासी नसतो. त्यांचे आजे वेगवेगळ्या मिशनमधून आलेले असतात.

आता प्रत्यक्षात काय बिघडते ते.

पहिला बिघाड: ‘निवडलेले तरतीलच, मग सुवार्ता कशाला सांगायची?’ ह्यावर प्रेषितांची कृत्ये 27 उघडावा. वादळात पौल सांगतो की देवदूताने वचन दिले आहे, गलबतावरच्या एकाच्याही जिवाचा नाश होणार नाही. आत 276 माणसे. थोड्या वेळाने खलाशी नांगर टाकण्याच्या बहाण्याने होडी खाली सोडून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो, हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई दोर कापतात. शेवट ठरलेला होता, आणि दोर कापणे हा त्या ठरलेल्यातलाच भाग होता. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी 1793 साली बंगालात उतरला, 1813 साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत आले. दोघेही कॅल्विनच्या परंपरेतले. निवडीवरच्या विश्वासाने त्यांना घरी बसवले नाही.

दुसरा बिघाड तारखेचा. ‘तुझा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला?’ असे विचारून तारीख न सांगणाऱ्याला संशयाने पाहणे. वेस्लीला 24 मे 1738 ची संध्याकाळ सांगता येत होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगले ते सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिले आहे. संडे स्कूलमध्ये वाढलेल्या कित्येकांना यांतले काहीच सांगता येणार नाही. योहान 3:8 मध्ये वारा कुठून आला ते कळत नाही, पण आवाज ऐकू येतो. विचारायचे असेल तर आवाजाबद्दल विचारा.

तिसरा बिघाड ह्याच्याच पोटातला: प्रार्थना पाठोपाठ म्हणवून घेऊन, हात वर करवून, लगेच ‘तुझा नवा जन्म झाला’ अशी ग्वाही देणे. नवा जन्म देणे माणसाच्या हातात नाही, तर त्याची पावती फाडणेही नाही. त्या व्यक्तीला वचन द्या, प्रार्थनेला सोबत करा, मंडळीत आणा आणि काही महिने पाहा. ग्वाही घाईने दिली की वर्षभराने तोच माणूस म्हणतो, ‘मी ते करून पाहिले, काही झाले नाही’, आणि त्याला पुन्हा सांगणे दुप्पट अवघड जाते.

चौथा आणि सर्वांत दुखरा: ‘मी निवडलेलाच नसेन तर?’ हा प्रश्न बहुधा कोवळ्या मनाची माणसे विचारतात, बेफिकीर माणसे नाहीत. त्यांना देवाच्या गुप्त संकल्पात डोकावायला लावू नका. इफिस 1:3-14 समोर ठेवा. मुळात ते एकच लांबलचक वाक्य आहे, आणि ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘त्याच्या ठायी’ अशा अर्थाचे शब्द त्यात अकरा वेळा येतात. पेन्सिलने खुणा करायला सांगा. निवड ख्रिस्ताच्या ठायी झाली आहे, म्हणून ती शोधायची जागाही तीच. कॅल्विन ख्रिस्ताला निवडीचा आरसा म्हणतो तो ह्याच अर्थाने. मग तीन साधे प्रश्न विचारा: तारणासाठी तू कोणावर भिस्त ठेवतोस? पाप केल्यावर तुला ते सलते का? तुला त्याच्याकडे जावेसे वाटते का? ‘किती जोराने वाटते’ हे विचारू नका. डोर्टने पहिल्या भागाच्या 16व्या कलमात नेमक्या अशाच माणसांविषयी लिहिले आहे: ज्यांना जिवंत विश्वास अजून तीव्रतेने जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना अशी देवाने दिलेली साधने वापरत आहेत, त्यांनी निवडीचे नाव ऐकून घाबरू नये, साधने वापरत राहावे. त्याच्या पुढचे, 17वे कलम तान्ही मुले गेलेल्या विश्वासी आईबापांसाठी आहे. आपल्या लेकराच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल त्यांनी शंका धरू नये, असे ते सांगते. अशा घरी जाताना बाकीची कलमे घरी ठेवून जावे.

गटात शिकवायचे असेल तर चार बैठका ठेवा, प्रत्येकी दीड तास. पहिलीत प्रेषितांची कृत्ये 16, चाळीसही ओव्या मोठ्याने. दुसरीत योहान 3:1-21, सोबत यहेज्केल 36:25-27 आणि गणना 21 मधला पितळी साप, ज्याच्याकडे पाहून साप चावलेले लोक वाचले. निकदेमाला येशूने नव्या जन्माबरोबरच ‘वर पाहा’ हेही सांगितले होते, हे तिथे दिसते. तिसरीत इफिस 1:3 ते 2:10. चौथ्या बैठकीत रोमकर 9, 10 आणि 11 सलग, एका दमात. मिळून 90 ओव्या, वाचायला वीस मिनिटेही लागत नाहीत. नववा एकटा वाचू नये. त्याची सुरुवात पौलाच्या अश्रूंनी होते, दहाव्यात तो आपल्या लोकांच्या तारणासाठी प्रार्थना करतो आणि ‘घोषणा करणाऱ्यावाचून ते कसे ऐकतील’ असे विचारतो, आणि अकराव्याच्या शेवटी तो वाद थांबवून स्तुती करू लागतो. चर्चा त्यानंतर सुरू करा, आणि पहिला प्रश्न असा ठेवा: निवडीबद्दल एवढे ठाम लिहिणारा माणूस प्रार्थना का करतो?